हिरवी पट्टी ताकद मोजत नाही

जेईई मेन परीक्षेचा अर्ज भरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नजरेखालून एक नियम गेलेला असतो. पासवर्ड ८ ते १३ वर्णांचा हवा. त्यात किमान एक मोठे रोमन अक्षर, एक लहान अक्षर, एक अंक आणि एक विशेष चिन्ह हवे. राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या, म्हणजे एनटीएच्या, माहितीपुस्तिकांत हा नियम गेली काही वर्षे छापला जात आहे. बँका, विद्यापीठे, शिष्यवृत्तीची संकेतस्थळे यांच्याकडे याच नियमाची भावंडे नांदतात. बऱ्याच ठिकाणी चौकटीखाली एक बारीक पट्टी असते. अक्षरे टंकत जावे तशी ती लालची पिवळी आणि पिवळीची हिरवी होते. हिरवी झाली की माणूस निश्चिंत होतो.

माझा आक्षेप या निश्चिंतीला आहे. ती पट्टी वर्णांचे प्रकार मोजते आणि त्या मोजणीला ताकदीचे नाव देते. हा किरकोळ तांत्रिक दोष असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण जो गुणधर्म वस्तूत नाहीच, तो वस्तूकडे पाहून मोजल्याचा दावा करणे ही विज्ञानातली मूलभूत चूक आहे, आणि ती देशभरातील लक्षावधी विद्यार्थ्यांकडून सक्तीने गिरवून घेतली जात आहे.

गिरवण्याचे प्रकार दोन. एक अर्ज भरताना. दुसरा प्रोग्रॅमिंगच्या तासाला. 'पासवर्डची ताकद तपासणारा प्रोग्रॅम लिहा' हा स्वाध्याय अभियांत्रिकीच्या वा संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात कुणाला चुकलेला नाही. दिलेल्या ओळीतील वर्ण एकेक करून पाहायचे. मोठे अक्षर आढळले तर एक गुण, लहान आढळले तर एक, अंकाला एक, चिन्हाला एक, लांबी आठच्या वर गेली तर आणखी एक. चार-पाच गुण मिळाले की पडद्यावर 'सशक्त' असे छापायचे. लूप आणि अटी शिकवण्यासाठी स्वाध्याय उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या शेवटच्या शब्दाबद्दल आहे.

या प्रोग्रॅमला 'इंडिया@१२३' हा पासवर्ड द्या. (येथे तो देवनागरीत लिहितो आहे, टंकताना तो रोमन लिपीत, पहिले अक्षर मोठे ठेवून लिहायचा.) नऊ वर्ण, चारही प्रकार हजर, पट्टी हिरवी. आता पेटीत रोमन वर्णमालेच्या २६ चिठ्ठ्या टाका. डोळे मिटून एक काढा, अक्षर लिहून घ्या, चिठ्ठी परत टाका, आणि असे बारा वेळा करा. मिळालेली बारा लहान अक्षरे प्रोग्रॅमला द्या. तो ती नाकारील: मोठे अक्षर नाही, अंक नाही, चिन्ह नाही. पहिला पासवर्ड ओळखायला कोणत्याही हल्लेखोराला क्षण पुरे. दुसऱ्यासाठी त्याच्यापुढे २६ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ९५,००० लाख कोटी शक्यता उभ्या आहेत. ज्या तराजूत कापूस जड आणि लोखंड हलके भरते, त्याची दुरुस्ती करत बसण्यापेक्षा तो मुळात काय तोलतो हे विचारलेले बरे.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. व्हिएन्नातील बोल्ट्झमन यांच्या समाधीवर कोरलेल्या सूत्रात एन्ट्रॉपी ही एका संख्येच्या लॉगरिदमवर अवलंबून आहे, आणि ती संख्या म्हणजे दिलेल्या स्थूल अवस्थेशी सुसंगत अशा सूक्ष्म अवस्थांची मोजदाद. एकट्या सूक्ष्म अवस्थेची एन्ट्रॉपी किती, हा प्रश्न या सूत्रापुढे अर्थहीन आहे. डब्यातल्या वायूचे एक छायाचित्र काढून 'या छायाचित्राची एन्ट्रॉपी सांगा' असे कुणी म्हटले तर आपण विचारू, कोणत्या समुच्चयातले? शॅनन यांनी १९४८ साली माहितीशास्त्राचा पाया घातला तेव्हा त्यांची एन्ट्रॉपीही अशीच होती. ती संदेशाच्या उगमाची असते, हाती आलेल्या एकुलत्या संदेशाची नसते.

पासवर्डची ताकद म्हणजे तो शोधायला हल्लेखोराला लागणारे प्रयत्न. ते दोन गोष्टींवर ठरतात: पासवर्ड कोणत्या रीतीने निवडला गेला, आणि त्या रीतीबद्दल हल्लेखोराला काय ठाऊक आहे. यांपैकी एकही गोष्ट त्या आठ-दहा वर्णांमध्ये लिहिलेली नसते. एकाकी वर्णमालिकेच्या गुंतागुंतीचे मोजमाप गणितात आहे, कोल्मोगोरॉव्ह यांच्या नावाचे. परंतु ते कोणत्याही प्रोग्रॅमला सर्वसाधारणपणे काढता येत नाही, हे सिद्ध झालेले आहे. पहिल्या वर्षाच्या स्वाध्यायाने ते काढले असेल, असे मानण्याचे धाडस मी करत नाही.

आपल्या सर्वांच्या संगणकात असलेले एक उदाहरण घेऊ. ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड आठ वर्णांचा असतो: नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. हा नियम प्राधिकरणाने स्वतःच जाहीर केलेला आहे. आता या एकाच आठ वर्णांच्या मालिकेची 'ताकद' तीन जणांना विचारा. वर्ण मोजणारा म्हणेल, २६ अक्षरे आणि १० अंक मिळून ३६, त्याचा आठवा घात, सुमारे २.८ लाख कोटी शक्यता. नियम ठाऊक असलेला, पण माणूस अनोळखी असलेला हल्लेखोर म्हणेल, चार अक्षरांच्या ४,५६,९७६ जोडण्या गुणिले फार तर शंभर वर्षे. साडेचार कोटींच्या आसपास, आणि प्रत्यक्षातली नावे पाहता त्याहून कितीतरी कमी. शेजारी म्हणेल, नाव मला माहीत आहे, वयाचा अंदाज आहे, पाच-सात प्रयत्न पुष्कळ झाले. मालिका तीच, उत्तरे तीन. यातले कोणते उत्तर त्या मालिकेच्या आत दडलेले आहे?

मग ही मोठ्या अक्षराची आणि चिन्हाची सक्ती आली कुठून? तिची वंशावळ पाहण्यासारखी आहे. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स वापरणाऱ्यांचे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतील ८६ टक्के एक तर फार आखूड होते, नाहीतर केवळ लहान अक्षरांचे, नाहीतर शब्दकोशात वा नावांच्या यादीत सापडणारे. लोक सोपे पासवर्ड ठेवतात, हे निदान अचूक होते. उपचार मात्र पुढे भलताच झाला. २००४ साली अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने एक मार्गदर्शिका काढली. तिच्या परिशिष्टात माणसाने निवडलेल्या पासवर्डच्या एन्ट्रॉपीचा ठोकताळा होता: पहिल्या वर्णाला ४ बिट, पुढच्या सात वर्णांना प्रत्येकी २, नवव्यापासून विसाव्यापर्यंत दीड, त्यापुढे १, आणि मोठी अक्षरे व चिन्हे सक्तीची केली तर वर ६ बिटांचे बक्षीस. शॅनन यांनी १९५१ साली इंग्रजी गद्यात पुढचे अक्षर किती ओळखता येते यावर जे काम केले होते, त्याचा आधार या आकड्यांना होता. इंग्रजी गद्य आणि पासवर्ड यांची जातकुळी एकच, हे गृहीत कुणी तपासले नव्हते. ते ६ बिटांचे बक्षीस तर निव्वळ अंदाज होता. तरीही याच कागदाच्या आधाराने जगभरातील कार्यालयांनी आपापल्या नियमावल्या रचल्या, आणि आकडे विसरले गेले तरी सक्ती उरली.

पुढे पुरावा आला, तोही दुर्घटनेतून. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड उघड्या मजकुरात बाहेर पडले. १२३४५६ हा पासवर्ड त्यांत सुमारे २ लाख ९० हजार वेळा होता. संशोधकांच्या हाती प्रथमच खऱ्याखुऱ्या पासवर्डचा महासागर लागला. २०१० साली मॅट वायर आणि सहकाऱ्यांनी अशा फुटलेल्या साठ्यांवर प्रत्यक्ष हल्ले चढवून दाखवले की एनआयएसटीचा तो एन्ट्रॉपीचा ठोकताळा खऱ्या सुरक्षिततेचे माप म्हणून टिकत नाही. २०१२ साली जोसेफ बोनो यांनी याहूच्या सुमारे ७ कोटी वापरकर्त्यांच्या पासवर्डची, नावे-गावे न पाहता, केवळ वारंवारिता अभ्यासली. निष्कर्ष असा की घाऊक अंदाज बांधणाऱ्या चतुर हल्लेखोरापुढे बहुतांश लोकांचे पासवर्ड २० बिटांच्या आसपासच उभे राहतात. वीस बिट म्हणजे दहा लाख प्रयत्न. वर्ण मोजण्याच्या हिशेबाने आठ वर्णांना ५२ बिट मिळतात. ५२ आणि २० यांतली दरी म्हणजे चार अब्जपट फरक. प्रयोगशाळेतला तापमापक एवढा चुकला असता तर तो कचऱ्याच्या टोपलीत गेला असता.

एनआयएसटीने २०१७ साली आपलीच शिकवण मागे घेतली: वर्णांच्या प्रकारांची सक्ती करू नये, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, लांब पासवर्ड स्वीकारावेत, आणि नवा पासवर्ड फुटलेल्या व सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डच्या यादीशी ताडून पाहावा. मूळ मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनी त्याच वर्षी एका अमेरिकी दैनिकापाशी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २०२५ च्या सुधारित आवृत्तीत तर 'करू नये' या सल्ल्याच्या जागी थेट मनाई आली. ज्यांनी नियम जन्माला घातला त्यांनी तो गाडला, आणि आपण त्याचे श्राद्धही न करता त्याला रोज जेवू घालतो आहोत.

नियमाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो: चिन्हे आली की वर्णसंच मोठा होतो आणि शक्यता वाढतात. हे यंत्राने यादृच्छिक निवडलेल्या पासवर्डबाबत अगदी खरे आहे, कारण तिथे निवडीची रीत आपल्याला ठाऊक असते. पण गंमत पाहा. कळफलकावरील ९५ वर्णांतून यंत्राने पूर्ण यादृच्छिक रीतीने आठ वर्णांचा पासवर्ड काढला, तर त्यात एकही अंक नसण्याची संभाव्यता ८५ भागिले ९५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ४१ टक्के आहे. लहान अक्षर नसणे, मोठे नसणे, चिन्ह नसणे यांचाही हिशेब समावेश-वर्जनाच्या रीतीने केला, तर 'चारही प्रकार हवेत' हा नियम निखळ यादृच्छिक पासवर्डांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, नाकारतो. हे गणित बारावीच्या संभाव्यतेत बसते, करून पाहावे. म्हणजे ज्याची निवड निर्दोष आहे त्याला हा नियम दारातून परत पाठवतो, आणि 'इंडिया@१२३' ला आत घेतो.

माणूस मात्र कधीच यादृच्छिक निवडत नाही. त्याला चार अटी घातल्या की तो त्या एकाच ठरलेल्या वाटेने पुऱ्या करतो: मोठे अक्षर आरंभी, अंक शेवटी, मधोमध @. आपल्या देशात तर @ हे जणू राष्ट्रीय विशेष चिन्ह झाले आहे. स्वतःचे किंवा देवाचे नाव, @, आणि १२३ किंवा जन्मवर्ष. गावोगावी परीक्षांचे अर्ज सायबर कॅफेत भरले जातात, आणि तिथे पासवर्ड बहुधा चालकच ठरवतो, कारण मागे रांग असते आणि नियमावली तोंडपाठ त्यालाच असते. मुलाचे नाव, @, १२३. पुढच्या मुलाचेही तसेच. महाविद्यालयांचे पसंतीक्रम आणि परताव्यासाठी दिलेला बँक खात्याचा क्रमांक अशा खात्यांमागे असतात. पट्टी प्रत्येकाच्या वेळी हिरवी होते. काही बिघडलेच तर 'पासवर्ड कमकुवत ठेवलात' हा ठपका मात्र मुलावर.

या संदर्भात एक गोष्ट आपल्या लिपीची. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे हा भेदच नाही. त्यामुळे मराठीत कितीही लांब, कितीही अनपेक्षित पासवर्ड लिहिला तरी 'एक मोठे अक्षर हवे' ही अट तो जन्मात पुरी करू शकत नाही. शिवाय 'क्षि' हे एक अक्षर युनिकोडमध्ये चार घटकांचे आहे: क, हलन्त, ष आणि वेलांटी. मग लांबी एक धरायची की चार? वर्ण मोजून ताकद काढणाऱ्याने 'वर्ण' म्हणजे काय, हा प्रश्नच कधी स्वतःला विचारलेला नाही. एनआयएसटीची मार्गदर्शिका युनिकोड वर्ण स्वीकारावेत असे सुचवते. बावीस भाषा आठव्या अनुसूचीत मिरवणाऱ्या देशात हे आधी आपल्याला सुचायला हवे होते.

वर्णांचे प्रकार सोडून प्रयत्नांची संख्या अजमावणारी साधनेही आहेत. ड्रॉपबॉक्सच्या डॅन व्हीलर यांनी २०१२ साली खुले केलेले झेडएक्ससीव्हीबीएन हे त्यांतले नावाजलेले. ते शब्दकोश, नावे, तारखा, कळफलकावरील शेजारी अक्षरे असे तुकडे ओळखते आणि मग हिशेब मांडते. दिशा योग्य आहे. पण त्याचे शब्दभांडार मुख्यत्वे इंग्रजी शब्दांचे आणि अमेरिकी नावा-आडनावांचे. आपल्याकडील संत, किल्ले, नट, गावे यांचा बहुतांश पसारा त्याला अपरिचित. आणि अपरिचित म्हणजे त्याच्या लेखी यादृच्छिक. भारतीय भाषांतील नावांची आणि सामान्य शब्दांची यादी त्याला जोडणे हे एखाद्या महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात होण्याजोगे काम आहे. वर्ण मोजण्याच्या स्वाध्यायाऐवजी हे द्या की विद्यार्थ्यांना!

'काही नसण्यापेक्षा हा नियम बरा' असेही म्हटले जाते. निदान १२३४५६ तरी अडतो. अडतो खरा, पण तो अडवायला यादी पुरे. फुटलेल्या पासवर्डांशी ताडून पाहण्याची सोय ट्रॉय हंट यांनी कित्येक वर्षांपूर्वी विनामूल्य खुली केली आहे. तिथे पासवर्ड पाठवावाही लागत नाही. त्याच्या हॅशची केवळ पहिली पाच चिन्हे पाठवायची आणि आलेल्या यादीत उरलेला भाग आपल्याच यंत्रावर शोधायचा. खर्च नगण्य. एवढे न करता मुलांकडून चिन्हांची कवायत करून घेणे याला मी सुरक्षितता म्हणणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट तर त्या पट्टीच्या पलीकडे, सर्व्हरवर घडते. चोरी होते ती बहुधा साठ्याची. पासवर्ड एमडी५ सारख्या वेगवान हॅशने ठेवले असतील तर आजचे एकच उच्च दर्जाचे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा हजार कोटींहून अधिक अंदाज तपासते. त्या वेगाने आठ वर्णांच्या सर्वच्या सर्व ६,६०० लाख कोटी शक्यता एका दिवसाच्या आत संपतात. मोठे अक्षर, अंक, चिन्ह सगळे धरून. तेच पासवर्ड बीक्रिप्टसारख्या मुद्दाम संथ केलेल्या रीतीने ठेवले तर त्याच कार्डाचा वेग सेकंदाला काही हजारांवर उतरवता येतो. म्हणजे दहा लाख पटींहून मोठा फरक एका निर्णयाने पडतो, आणि तो निर्णय विद्यार्थ्याच्या हाती नसतो. लिंक्डइनचे पासवर्ड २०१२ साली फुटले तेव्हा ते सॉल्ट न घातलेल्या एसएचए-१ हॅशच्या रूपात होते. सॉल्टची शिफारस मॉरिस आणि थॉम्पसन यांच्या त्या १९७९ च्या लेखातच आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा माहिती बाळगणाऱ्याला 'वाजवी सुरक्षा उपाय' योजायला सांगतो आणि कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. वाजवी म्हणजे काय हे ठरवताना पट्टीचा रंग पाहिला जाणार की साठवणुकीची रीत, हे पाहायचे आहे.

आता ती १३ ची मर्यादा. हॅश केलेला पासवर्ड तेरा वर्णांचा असो वा साठ, हॅशची लांबी तेवढीच राहते; साठवणुकीच्या दृष्टीने वरची मर्यादा इतकी खाली ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. एनआयएसटी किमान ६४ वर्णांपर्यंत मुभा द्यावी म्हणते. ही मुभा असती तर विद्यार्थ्याला घरच्या ल्युडोचे फासे पुरले असते. १९९५ पासून प्रचलित असलेल्या डाइसवेअर रीतीत पाच फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडतात. असे पाच शब्द म्हणजे ६४ बिटांहून थोडे अधिक, आणि ते ध्यानात ठेवायला दोन दिवसांची उजळणी पुरते. वर सांगितलेल्या कार्डाला, अगदी एमडी५ असले तरी, सगळ्या शक्यता संपवायला नऊ वर्षे लागतील. तेरा वर्णांत हे पाच शब्द मावत नाहीत.

केंद्रीय माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क लागते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मी माझ्या अर्जात तीन प्रश्न विचारणार आहे: कमाल लांबी १३ ठेवण्याचा निर्णय कोणत्या तांत्रिक टिप्पणीच्या आधारे झाला, नवा पासवर्ड फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडला जातो का, आणि साठवणुकीसाठी कोणती हॅश रीत वापरली जाते. तिसऱ्याचे उत्तर 'सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही' असे आले, तर अपिलात केर्कहॉफ यांचा १८८३ सालचा नियम जोडेन: रीत शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्था सुरक्षित राहिली पाहिजे. ज्यांनी यंदा अर्ज भरले आहेत त्यांनी आपापल्या विद्यापीठाला आणि राज्याच्या प्रवेश कक्षाला हेच तीन प्रश्न पाठवावेत. मसुदा हवा असेल तर खाली लिहा, मी देतो.